फिंचच्या वाटणीच्या छड्या

पडद्यावरच्या मुलांना चहाला बोलावलं आणि ती आली, यात मुलांची काही चूक नाही, मूर्खपणा सगळा आपला, हे वैजयंती पाटणकरने पहिल्या दिवसापासून कबूल केलं होतं. कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची. भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं, कारण त्या आठवड्यात बटाटे जास्त लागले.

तिचं म्हणणं असं, की बोलताना कुठे थांबायचं हे माणसाला एका वयात कळतं, आणि आपल्याला सेहेचाळिशी आली तरी ते वय आलेलं नाही. कराडच्या चित्ररंग मंडळाची ती चिटणीस. मंडळ महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जुना सिनेमा दाखवायचं, मग प्रेक्षक उठून आपापल्या प्रतिक्रिया द्यायचे, अध्यक्ष समारोप करायचे आणि शेवटी चिटणीस आभार मानायची. वैजयंती आभार अर्धवट मानत नसे. सभागृहाबद्दल वाचनालयाचे, प्रोजेक्टरबद्दल मुनीर साउंडवाल्याचे, सतरंजी झटकल्याबद्दल शिपायाचे, आलेल्यांचे आल्याबद्दल आणि न आलेल्यांचे निरोप पाठवल्याबद्दल. तिचा नवरा श्रीरंग म्हणायचा, "तुझ्या आभारांमुळे लोकांना घरी जायला उशीर होतो, त्याबद्दलही मान एकदा."

त्या रविवारी इंग्रजी सिनेमा होता. काळापांढरा, साठेक वर्षांपूर्वीचा. इंग्लंडातली एक निवासी शाळा, दगडी भिंती, काळा झगा घातलेले मुख्याध्यापक, पहाटे गार पाण्याची आंघोळ. फिंच नावाचा सगळ्यांत लहान मुलगा आपल्या ट्रंकेत एक जखमी कावळा पाळतो, तो सापडतो, आणि व्यायामशाळेत त्याला वाकवून सहा छड्या मारतात. ते बघून मेरिक नावाचा मोठा मुलगा आणि गफ आडनावाचे दोघे भाऊ पेटतात. मास्तरांना जेवणघरात कोंडतात, फिंचला घेऊन घंटेच्या टॉवरवर चढतात आणि खाली यायला नकार देतात. खाली बर्फ, वर चार मुलं, घंटा वाजते आहे, सिनेमा संपला.

मग प्रतिक्रिया झाल्या. सिनेमाबद्दल कुणीच बोललं नाही. जो उठला तो आपण शाळेत किती मार खाल्ला ते सांगून बसला. हार्डवेअरचे शशिकांत ओतारी म्हणाले, "आमच्या हातावर फोक मोडायची, मग आम्हालाच दुसरी आणायला पाठवायचे. काय बिघडलं आमचं? आज तीन दुकानं आहेत." श्रीरंगनेही आपला डावा तळहात वर करून दाखवला, जणू वळ अजून आहेत. हे सगळे ज्यांच्याकडे बघून बोलत होते ते केळुसकर सर अध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते. गावातल्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापक. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी छड्या खाल्ल्या होत्या त्या सरांच्याच. सर कायम डाव्या हातावर मारायचे, कारण उजवा लिहायला लागतो. समारोपात ते म्हणाले, "मारामागे माया असली की मुलाला कळते. यातल्या मुलांना ती कळली नाही, हे दिग्दर्शकाचं अपयश आहे."

सभागृहातली स्टेजवरची ट्यूब गेल्या दिवाळीआधीच उडालेली, त्यामुळे सिनेमाचं शेवटचं दृश्य पडद्यावर तसंच थांबवून ठेवायची मंडळाची पद्धत होती. त्याच उजेडात भाषणं व्हायची. वैजयंती आभाराला उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावर ती चार मुलं टॉवरवर कुडकुडत होती. सगळ्यांचे आभार मानून झाले. जीभ मात्र सैल सुटली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आणि एवढ्या थंडीत आपल्यासाठी वर उभ्या राहिलेल्या मुलांचेही आभार. चहा आणि वडा घेतल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही विनंती."

मेरिकने बाकीच्यांकडे पाहिलं आणि ते खाली उतरायला लागले. टॉवरला गोल जिना होता, त्यामुळे जरा वेळ लागला. ते पडद्याची कड उचलून, बूट झटकून बाहेर आले तोवर वडे वाटायला सुरुवात झाली होती.

कुणी फार काही मनावर घेतलं नाही. चार पाहुणे वाढले, एवढंच. मुलं बाहेर येऊनही काळीपांढरीच राहिली. वडा ताटलीत असेपर्यंत पिवळा असायचा, त्यांनी हातात घेतला की राखाडी. चवीत फरक पडत नसावा, कारण प्रत्येकाने दोन-दोन घेतले. ओतारींनी मेरिकला कितवीत आहेस विचारलं, तगारेबाईंनी इंग्लंडात हल्ली पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं. इकडे मुनीरने पडदा गुंडाळला आणि प्रोजेक्टर पेटीत घातला.

"अरे, ही मुलं?" वैजयंती म्हणाली.

"सात वाजता हॉल भजनी मंडळाला द्यायचाय ताई," मुनीर म्हणाला. "पुढच्या रविवारी परत लावायचाच आहे हा. आज लग्नाच्या तिथीमुळे निम्मे लोक आले नाहीत ना, त्यांच्यासाठी. तेव्हा जातील आत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत, ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे."

श्रीरंग पुढे येऊन घर उघडून उभाच होता. त्याने चौघांकडे बघितलं आणि म्हणाला, "गाद्या कमी पडतील."

आठवडा तसा बरा गेला. मुलं इंग्रजीतच बोलायची, पण ती बोलली की त्यांच्या नडगीपाशी मराठी अक्षरं उमटायची. ही अक्षरं तगारेबाईंची. बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या परदेशी सिनेमांना मराठी ओळी त्याच लिहायच्या, आणि आपल्या मराठीला कुठे धक्का लागू द्यायच्या नाहीत. त्यामुळे थोरला गफ तोंडात घास असताना काहीतरी पुटपुटायचा आणि खाली उमटायचं, 'महोदया, मजला आणखी एक पोळी मिळेल काय?' मुलं जेवायला खाली बसली की अक्षरं ताटांमागे जायची, म्हणून वैजयंतीने त्यांना टेबलावर बसवलं आणि आपण दोघं खाली बसली. फिंच बुटका. त्याचं बोलणं जवळजवळ फरशीवरच पडायचं. तो बोलायला लागला की घरातली दोघं वाकायची. समोरच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, पाटणकर नवराबायको त्या पोराला नमस्कार करतायत.

मुलं उठल्यावर पांघरुणांच्या घड्या करायची, ताटं विसळायची, श्रीरंग खोलीत आला की उभी राहायची.

"ही बंडखोर?" श्रीरंग म्हणाला. "आपल्या चिरंजीवांना पुण्याच्या होस्टेलवरून बोलावून घे चार दिवस. जरा यांच्याकडून शिकू दे."

मेरिकने खुलासा केला. अक्षरं आली, 'आम्ही मूलतः आज्ञाधारक आहोत. व्यायामशाळेतील प्रसंगानंतरच आमचे मन फिरते.'

बुधवारी दुपारी वैजयंती मटार सोलायला बसली तेव्हा फिंच येऊन समोरच्या स्टुलावर बसला. एक शेंग त्याने उचलली. ती त्याच्या बोटांत राखाडी झाली, दाणे राखाडी निघाले, आणि पातेल्यात पडताना हिरवे झाले. तो थोडा वेळ नुसतंच ते करत राहिला. मग काहीतरी बोलला. वैजयंती वाकली.

'रविवारी चित्रपट कोठून सुरू होईल?'

"पहिल्यापासून. कोठून म्हणजे?"

'तो नेहमी पहिल्यापासूनच सुरू होतो,' फिंच म्हणाला. त्याने आणखी एक शेंग फोडली.

तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे दर वेळी ते… प्रत्येक वेळी खरंच लागतं तुला?"

'होय, महोदया.'

"इतकी वर्षं झाली. सवय नाही झाली?"

'नाही. तुमच्या सभेत ते दुकानदार गृहस्थ म्हणाले की काही बिघडत नाही. त्यांना ज्या छड्या बसल्या त्या एकदाच बसल्या असाव्यात.'

फरशीवरची ही ओळ वाचायला वैजयंतीला जरा वेळ लागला, कारण मधे तिचा चष्मा ओला झाला. चष्मा पुसून तिने दुसरा मूर्खपणा केला. म्हणाली, "मग जाऊच नकोस. राहा इथेच."

'हे निमंत्रण आहे काय?' फिंचने विचारलं.

आयुष्यात दिलेलं निमंत्रण तिने कधी मागे घेतलेलं नव्हतं. तिच्या चुलत नणंदेला विचारा, एकदा 'या राहायला' म्हटलं तर पावणेदोन महिने राहिली होती. वैजयंती म्हणाली, "हो, निमंत्रणच."

संध्याकाळी हे मेरिकला कळलं. तो चिडला वगैरे नाही. खिडकीशी हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला,

'फिंचला छड्या बसल्या नाहीत तर आम्ही टॉवरवर कोणत्या कारणास्तव चढावे?'

"असेच चढा," वैजयंती म्हणाली. "हौसेने."

'अकारण चढणे म्हणजे बेशिस्त होईल.'

"मग नका चढू. काय होईल?"

'आम्ही लॅटिन शिकू. परीक्षेत उत्तीर्ण होऊ. दोघे गफ बँकेत लागतील.' मेरिक थांबला. 'तो वर घालवलेला वेळ, महोदया, आमच्यापाशी तेवढीच एक गोष्ट आहे.'

धाकटा गफ जमिनीकडे बघत होता. फिंचकडे कुणीच बघत नव्हतं, आणि त्यामुळेच तो आहे त्याहून लहान दिसत होता. रात्री वैजयंती श्रीरंगला म्हणाली, "त्या तिघांचंही बरोबर आहे आणि याचंही बरोबर आहे. आणि मी म्हणजे एक नंबरची गाढव."

"कार्यकारिणी बोलव," श्रीरंग म्हणाला.

शुक्रवारी कार्यकारिणी पाटणकरांच्या हॉलमध्ये जमली. अध्यक्ष केळुसकर सर, तगारेबाई, ओतारी, श्रीरंग, आणि तांत्रिक सल्लागार म्हणून मुनीर. मुलं टेबलापाशी ओळीने बसली, म्हणजे त्यांचं बोलणं सगळ्यांना दिसेल. विषय एकच होता: रविवारी फिंचने आत जावं की न जावं.

तगारेबाईंनी पहिला मुद्दा मांडला. "तेवढा प्रसंग पुढे ढकलता नाही येत का हो, मुनीर? फॉरवर्ड करून?"

"येतो की," मुनीर म्हणाला. "पण फॉरवर्ड केलं तर लवकर लवकर बसतील."

"आवाज बंद केला तर?"

"लागायचं ते लागणारच बाई. आपल्याला ऐकू येणार नाही, एवढंच."

"शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे आता," ओतारी म्हणाले. "तेच दाखवायचं त्या हेडमास्तरला."

"बंदी आपल्याकडे," तगारेबाई म्हणाल्या. "तिथे सिनेमा संपेपर्यंत तेच साल चालू असतं."

थोडा वेळ सगळ्यांनी चिवडा खाल्ला. मग केळुसकर सर बोलले. सर शहात्तर वर्षांचे, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"मला एक सांगा. ते मुख्याध्यापक मारताना मुलाच्या तोंडाकडे बघतात का?"

हा प्रश्न मेरिकला होता. तो उठून उभा राहिला. 'नाही, महोदय. ते नाव पुकारतात आणि छडीकडे बघतात.'

"वाटलंच," सर म्हणाले. "समोर कुणीतरी वाकलेला लागतो. तो कोण आहे ते फारसं पाहिलं जात नाही. म्हणजे छड्या बसल्या पाहिजेत हे खरं, पण त्या फिंचलाच बसल्या पाहिजेत असं नाही. कुणीतरी फिंचच्या जागी उभं राहायला हवं, एवढाच प्रश्न आहे."

ठराव सोपा झाला. मागच्या रविवारी प्रतिक्रियांमध्ये ज्यांनी ज्यांनी मार खाऊन काही बिघडलं नाही असं सांगितलं होतं, त्यांना क्रमाने विचारायचं ठरलं. पहिले ओतारी.

"मी नाही म्हणत नाहीये," ओतारी म्हणाले. "हातावर असत्या तर आत्ता गेलो असतो. पण हे वाकवून मारतात, आणि मला डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलीय."

"तुम्ही कालच माझ्या दुकानात वाकून केबल शोधत होता," मुनीर म्हणाला.

"म्हणून तर आज मनाई केली."

श्रीरंगने वैजयंतीकडे न बघता सांगितलं की त्याच्याही कमरेत भरतं हल्ली.

"कधीपासून?" वैजयंतीने विचारलं.

"तुला काळजी नको म्हणून बोललो नव्हतो."

"मी जाते मग," ती म्हणाली. "बोलावलं मीच आहे."

मेरिकने मान हलवली. शाळेच्या दारावरचा रखवालदार बायकांना आत सोडत नाही. सिनेमात एका मुलाची आई केक घेऊन येते तीसुद्धा फाटकातूनच परत जाते, तिला आठवलं. तिने जाऊन पाहिलं असतं, पण फाटकाशीच प्रश्न मिटला असता.

फिंचने खुर्चीखाली लोंबणारे आपले पाय एकावर एक घेतले आणि काहीतरी बोलला. अक्षरं हवेतच राहिली, म्हणून वाकायला लागलं नाही. 'कोणीही अस्वस्थ होऊ नये. मी जाईन.'

"बस खाली," केळुसकर सर म्हणाले. फिंच बसलेलाच होता. "मी जातो."

"सर, तुम्ही?" श्रीरंग उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाही कळलं नाही.

"माझी कंबर ठीक आहे."

"तसं नाही सर, पण या वयात… तुम्ही लहानपणी खाल्ल्या असतील, ते वेगळं."

"मी एकही खाल्लेली नाही," सर म्हणाले. "हुशार होतो." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "मागच्या रविवारी मी समारोपात या विषयावर सात-आठ मिनिटं बोललो. ते सगळं एकाच बाजूच्या माहितीवर बोललो. अध्यक्षाने असं करू नये."

तगारेबाई म्हणाल्या, "मी अनुमोदन देते," आणि नाक पुसलं.

फिंच खुर्चीवरून उतरून सरांपाशी गेला. सर मात्र सहज वाकले आणि त्याचं बोलणं वाचलं.

'श्वास रोखू नये. आणि मनात अकरांचा पाढा म्हणावा.'

"अकरांचाच का?"

'सोपा आहे. दुसरे काही आठवत नाही त्या वेळी.'

"ठीक आहे," सर म्हणाले. "येतो मला."

रविवारी सभागृह भरलं. गावात बातमी फिरली होती, त्यामुळे लग्नाला गेलेलेही आले आणि कुठेच न गेलेलेही आले. मेरिक आणि दोघे गफ सुरुवातीलाच पडद्याची कड उचलून आत गेले आणि आपल्या बाकांवर बसले. फिंच पहिल्या रांगेत वैजयंतीशेजारी. त्याचा बाक रिकामा होता, पण वर्गातल्या मास्तरांनी हजेरी घेताना मान वर केली नाही, त्यामुळे अडलं काही नाही. कावळा मात्र ट्रंकेत नीट होता. फिंचने तो दिसल्यावर वैजयंतीच्या कोपराला हात लावला.

व्यायामशाळेचं दृश्य जवळ आलं तसे सर उठले. अंगात नेहमीचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि पँट. पडद्यापाशी त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं. स्वेटर मरून होता तो काळपट झाला. केस पांढरेच होते, ते तसेच राहिले.

आत दगडी भिंती, लोंबते दोर, उड्या मारायचा लाकडी घोडा. झगा घातलेले मुख्याध्यापक छडी निरखत उभे होते.

"फिंच," त्यांनी पुकारलं.

"हजर," केळुसकर सर म्हणाले.

ते लाकडी घोड्यापाशी गेले आणि वाकायला लागले. घोडा मुलांच्या उंचीचा, त्यामुळे वाकायला वेळ लागला. मुख्याध्यापक थांबले, छडीची टोकं दोन्ही हातांनी धरून वाकवून बघत राहिले. वर पाहिलं नाही. मग त्यांनी पहिली मारली.

मागच्या वेळी हा आवाज वैजयंतीला फटाक्यासारखा वाटला होता. या वेळी नुसता छडीसारखा वाटला. तिने बाजूला बघितलं. दुसऱ्या रांगेत ओतारींची डावी मूठ आपोआप मिटली होती. त्यांच्या शेजाऱ्याची मिटली होती. श्रीरंगने आपला डावा हात काखेत घातला होता. सबंध सभागृहात जिथे जिथे तिची नजर गेली तिथे मोठी मोठी माणसं, कुणी वकील, कुणी आजोबा झालेले, डावा हात कुठेतरी लपवून बसली होती.

शेजारी फिंच पुटपुटत होता. अक्षरं त्याच्या बुटांवर पडत होती. 'अकरा दुणे बावीस.' वैजयंतीने वाकून वाचलं आणि तिसरीच्या वेळी तीही पुटपुटली, अकरा त्रिक तेहेतीस. तिच्या मागून कुणीतरी म्हटलं, अकरा चोक चव्वेचाळीस. पाचव्या छडीला सगळं सभागृह खालच्या आवाजात म्हणत होतं, शाळा सुटण्याआधी पाढे म्हणतात त्या चालीत, पण कुणीच वर बघत नव्हतं. अकरा सक सहासष्टला ते थांबलं.

सर हळूहळू सरळ झाले. या सिनेमात रिवाज असा होता, की मार खाऊन झाला की मुलाने मुख्याध्यापकांचे आभार मानायचे. मुख्याध्यापक छडी काखेत धरून त्यासाठी उभे राहिले.

"आभार मानायचं काम आमच्या चिटणीसबाईंकडे असतं," सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी पडद्यातून बाहेर पाहिलं. सगळ्या सभागृहाने वैजयंतीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या दांड्या धरून बसून राहिली. तिला आभाराचा एक शब्द सुचला नाही, आणि असं तिचं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मुख्याध्यापक थोडा वेळ थांबले, मग झगा सावरून निघून गेले. सर लाकडी घोड्याला एका हाताने धरून उभे होते. दुसऱ्या हाताने ते डोळ्यांवर आलेले केस मागे सारत होते, पण केस डोळ्यांवर नव्हतेच.

दारातून मेरिकने हे सगळं पाहिलं होतं. त्यापुढे सिनेमा मागच्यापेक्षा भराभर गेला. मुनीर नंतर म्हणाला की जेवणघराला कुलूप लावायला मुलांनी मागच्या वेळेपेक्षा निम्मा वेळ घेतला. म्हाताऱ्या माणसाला मारलेलं बघितलं की पोरं जास्त पेटतात, असं त्याचं मत पडलं.

टॉवरच्या जिन्याचं दृश्य आलं तेव्हा फिंच खुर्चीवरून उतरला.

"चाललास?" वैजयंती म्हणाली. "राहायचं म्हणालास ना?"

'घंटेचा दोर माझ्याकडे असतो,' फिंच म्हणाला. 'आणि आता केवळ वर जायचे राहिले आहे.' दोन पावलं पुढे जाऊन तो परत वळला. 'मटारबद्दल धन्यवाद.'

तो पडद्याच्या कडेखालून आत गेला, आत गेल्यावर मात्र धावत सुटला. गोल जिन्यात त्याने बाकीच्यांना गाठलं. ते फार वर गेलेले नव्हते, कारण मेरिकने सरांचं कोपर धरलं होतं आणि सर दर चार पायऱ्यांना थांबत होते. दोघे गफ मागून पाव आणि मुरंब्याची बरणी घेऊन चढत होते. वर बर्फ भुरभुरत होता. धाकट्या गफने आपला कोट काढून सरांच्या खांद्यावर टाकला. फिंचने दोर ओढला, घंटा वाजली, खाली कुलूप तोडून आलेले मास्तर जमले, सिनेमा संपला. मुनीरने शेवटचं दृश्य थांबवून ठेवलं.

प्रतिक्रियांसाठी कुणी पुढे येईना. शेवटी ओतारी उठले. म्हणाले, "मला काही बोलायचं नाही," आणि बसले. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दोघांनी मान हलवली. समारोप करायला अध्यक्ष जागेवर नव्हते. हळूहळू लोक निघाले. दाराशी बरेच जण वळून पडद्याकडे बघत होते, आणि शाळेतून निघताना ऑफिसपाशी आवाज कमी करतात तसं हळू बोलत होते.

मुनीर वायरी गुंडाळायला लागला तेव्हा वैजयंती पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. वर टॉवरच्या कठड्याला टेकून सर मुरंबा लावलेला पाव खात होते. एका हाताने त्यांनी कोट गळ्याशी धरला होता.

"सर," तिने हाक मारली. "मुनीरला पडदा काढायचाय. उद्या सिनेमा बेळगावच्या मंडळाला परत द्यायचाय. तुम्ही या आता खाली."

सरांनी घास संपवला. "एवढ्यात?"

"उशीर झालाय सर. काकू घरी जेवायच्या थांबल्या असतील. त्यांना काय सांगू मी?"

सर कठड्यावरून वाकून तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं ज्यांच्या परवानगीशिवाय शाळेत पाणी प्यायला कुणी उठलं नव्हतं ते सर.

"थांब जरा," ते म्हणाले. "मुलांना विचारतो."

ते मागे वळले. चौघं त्यांच्याभोवती गोळा झाले. मेरिक काही बोलला, थोरला गफ काही बोलला. डोकी इतकी जवळ होती की अक्षरं एकमेकांवर पडली आणि वाचता आली नाहीत. सगळ्यांत जास्त वेळ फिंच बोलत होता. सर मान खाली घालून ऐकत होते. मग ते परत कठड्यापाशी आले.

"नाही म्हणतायत," सर म्हणाले.